बॉश नावाचा मेकॅनिक

मराठी विभागासाठी एखाद्या मोठ्या माणसाचे चरित्र लिहून दे असे मॅडमनी सांगितले तेव्हा कलाम, विश्वेश्वरय्या आणि एडिसन हे तिघेही आधीच बुक झालेले होते. मग मी असा माणूस निवडला की ज्याचे नाव आपण रोज वाचतो, पण तो कोण होता हे कधी विचारत नाही. रॉबर्ट बॉश. आपल्या वर्कशॉपमधल्या ड्रिल मशीनवर हे नाव आहे, कितीतरी बाइकच्या स्पार्क प्लगवर आहे, वायपरवर आहे. आणि कारचे बॉनेट उघडून बघितले तर ब्रेकचे बारीक पाइप जिथे एकत्र येतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावरही बऱ्याचदा हेच नाव सापडते. तो ठोकळा म्हणजे एबीएसचे मॉड्यूल.

खरे सांगायचे तर या ठोकळ्यामुळेच मला हा माणूस निवडावासा वाटला. कारण आमच्याकडे नेवाशाला गाडीचे ब्रेक अजूनही अंगणात, चिंचेच्या सावलीत खोलतात, आणि गेल्या काही वर्षांत ब्रेक बदलले तरी खोलण्याची पद्धत काही बदललेली नाही. त्याबद्दल पुढे लिहितेच. आधी माणूस.

रॉबर्ट बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांतला तो अकरावा. वडिलांची शेती होती आणि जोडीला रस्त्यावरच्या प्रवाशांसाठी खानावळ आणि मुक्कामाची सोय. म्हणजे घर खाऊन-पिऊन सुखी, पण कारखान्याशी किंवा यंत्रांशी काही संबंध नाही. शाळेत हा मुलगा काही चमकला नाही. पुढे उल्ममध्ये एका कारागिराकडे बारीक यंत्रकाम शिकायला त्याला ठेवले. पण तो कारागीर शिकवण्याकडे लक्षच देत नसे. पोरांनी आपापले बघून शिकायचे, असा प्रकार. (आपल्याकडच्या काही प्रॅक्टिकलची आठवण झाली तर दोष माझा नाही.) ही गोष्ट बॉश आयुष्यभर विसरला नाही. स्वतःचा कारखाना मोठा झाल्यावर १९१३ मध्ये त्याने शिकाऊ मुलांसाठी वेगळा प्रशिक्षण विभाग काढला.

त्यानंतर काही वर्षे तो या गावातून त्या गावात कामे करत फिरला. मध्ये सैन्यातली नोकरी झाली. मग स्टुटगार्टच्या तंत्रशाळेत तो थोडे दिवस नुसता बसायला गेला, डिग्रीसाठी नव्हे. हाताला काम येत होते, पण व्होल्टेज, रेझिस्टन्स असले शब्द ऐकले की भीती वाटायची, ती भीती त्याला घालवायची होती. मला हा भाग फार आवडला. आपल्यापैकी बहुतेकांचे उलटे आहे. शब्द सगळे पाठ असतात आणि हातात पाना दिला की घाम फुटतो.

१८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कारखान्यात कामाला लागला. तिथून इंग्लंडमध्ये सीमेन्स बंधूंच्या कंपनीत. परत आल्यावर १५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टमध्ये एका इमारतीच्या मागच्या बाजूला त्याने स्वतःचे वर्कशॉप उघडले. वडिलांच्या वारशातून आलेले १०,००० मार्क भांडवल, एक कारागीर आणि एक निरोप्या पोरगा. कामे काय, तर विजेच्या घंटा बसव, टेलिफोन जोड, जे येईल ते दुरुस्त कर. वय पंचवीस.

इथे मला आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. बॉशपेक्षा आठ वर्षांनी लहान. बॉशने वर्कशॉप काढल्यानंतर दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. दोघांची भेट झाली असण्याचे कारण नाही, पण दोघांची सुरुवात एकच. दुसऱ्याचे यंत्र खोलायचे, ते कसे चालते ते बघायचे आणि पुन्हा जोडायचे. गंमत म्हणजे बॉशनेही १८९० मध्ये सायकल घेतली, गिऱ्हाइकांकडे लवकर पोहोचता यावे म्हणून. तेव्हा धंदा काही बरा नव्हता. एक वेळ अशी आली की बहुतेक कामगारांना कमी करावे लागले. घरच्यांच्या आधारावर तो तगला.

त्याला ज्या वस्तूने वर काढले ती म्हणजे मॅग्नेटो. १८८७ मध्ये एक गिऱ्हाईक एका जागी बसवायच्या गॅस इंजिनासाठी ठिणगी पाडणारे यंत्र मागायला आले. तसे यंत्र एका दुसऱ्या कंपनीच्या इंजिनावर आधीच होते. बॉशने ते जाऊन पाहिले, त्यावर पेटंट आहे का याची चौकशी केली, मग तसे बनवले, आणि बनवताना सुधारले. तत्त्व आपल्याला बारावीतच असते. चुंबकाच्या क्षेत्रात कॉइल हलवा, वीज तयार होते. बॅटरी लागत नाही. पण त्या काळात मोटारगाड्या नुकत्याच येत होत्या आणि त्यांची इंजिने फार वेगाने फिरत. बॉशचे मॅग्नेटो तेवढ्या वेगाला पुरे पडत नसे, कारण त्यातला जड आर्मेचर मागे-पुढे हलवावा लागे.

१८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स नावाच्या उद्योजकाने एक फ्रेंच तीनचाकी, द दिओं-बूतों कंपनीची, त्याच्याकडे पाठवली आणि हिला मॅग्नेटो बसवून द्या म्हणाला. उपाय काढला तो बॉशने नाही, त्याच्या वर्कशॉपचा फोरमन आर्नोल्ड त्सेरिंगर याने. जड आर्मेचर जागेवर ठेवायचा आणि त्याच्याभोवती पत्र्याची हलकी नळी हलवायची. झाले! पुढे १९०२ मध्ये गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरने हाय व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला आणि मग बॉशला मागे वळून बघावे लागले नाही. बॉशचा लोगो नीट बघा. गोलातले ते चिन्ह म्हणजे मॅग्नेटोच्या आर्मेचरचे सेक्शनल ड्रॉइंग आहे. तेही होनोल्डनेच १९१८ मध्ये काढले. लोगो म्हणून सेक्शनल व्ह्यू! आपल्या ड्रॉइंगच्या सरांना हे सांगायला हवे.

आता मॅग्नेटोची एक खोड सांगते, कारण या लेखातला माझा मुद्दा तिथेच आहे. मॅग्नेटोला बॅटरी नसते, त्यामुळे बॅटरी काढली म्हणून तो मरत नाही. तो बंद कसा करतात? त्याची वायर बॉडीला टेकवून, म्हणजे अर्थ करून. स्विच बंद केला की तो अर्थ होतो. ती वायर कुठे तुटली असेल तर स्विच बंद दिसतो आणि मॅग्नेटो मात्र जिवंत असतो. छोट्या विमानांचे मेकॅनिक पंखा नुसता हाताने फिरवतानाही बाजूला उभे राहतात ते याचसाठी. आमच्याकडे शेतात पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपालाही मॅग्नेटो असतो. स्विच बंद करून प्लगची कॅप हातात धरली आणि कुणी दोरी ओढली, तर झटका बसू शकतो. सांगायचे एवढेच की यंत्र बंद आहे आणि यंत्रातली शक्ती संपली आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बॉश स्वभावाने कडक होता. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला तर चिडायचा. एकदा ऑफिसमध्ये जमिनीवर पडलेली पेपरक्लिप उचलून त्याने एका कर्मचाऱ्याला हे काय आहे असे विचारले. तो म्हणाला पेपरक्लिप. बॉशने सांगितले की हे माझे पैसे आहेत. इतका चिक्कू माणूस कामगारांच्या बाबतीत मात्र उलटा वागे. १९०६ मध्ये, जेव्हा दहा-दहा तास काम ही नेहमीची गोष्ट होती, तेव्हा त्याने आठ तासांचा दिवस सुरू केला. पगार चांगला, वर्कशॉपमध्ये हवा-उजेड चांगला. बाकीचे कारखानदार त्याला लाल बॉश म्हणू लागले. त्याचा हिशेब सरळ होता. थकलेला माणूस बारीक काम बिघडवतो, आणि बिघडलेला माल बाहेर गेला तर नाव जाते. पैसे गेले तर परत येतात, विश्वास गेला तर येत नाही असे तो मानायचा, आणि म्हणून तपासल्याशिवाय माल दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. तरीही १९१३ मध्ये त्याच्याच कारखान्यात मोठा संप झाला आणि त्याला त्याचे फार वाईट वाटले. पहिल्या महायुद्धात ऑर्डरी वाढल्या, नफा झाला, तो खिशात घालणे त्याला पटेना, म्हणून त्यातली मोठी रक्कम त्याने नेकर नदीच्या कालव्यासाठी देऊन टाकली. १९२१ मध्ये त्याचा एकुलता एक मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, कित्येक वर्षांच्या आजारानंतर वारला. कारखाना ज्याच्या हाती द्यायचा तोच गेला.

ब्रेक त्याच्या आयुष्यात आले ते १९२७ मध्ये. द्यूवांद्र नावाच्या बेल्जियन इंजिनिअरच्या कल्पनेवर बॉश कंपनीने सर्व्हो ब्रेक बाजारात आणला. इंजिनातल्या व्हॅक्यूमची मदत घेऊन पायाचा जोर वाढवायचा, म्हणजे आजही आपल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत जो काळा डबा असतो त्याचा पूर्वज. तोवर अवजड गाडी थांबवायची म्हणजे ड्रायव्हरच्या मांडीचे काम होते. आणि १९३६ मध्ये कंपनीने चाक जॅम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. तेव्हा बॉश पंचाहत्तरीचा होता.

चाक जॅम झाले की काय होते ते फिजिक्समध्ये आहेच. फिरणाऱ्या चाकाची रस्त्यावरची पकड घसरणाऱ्या चाकापेक्षा जास्त असते. आणि पुढची चाके घसरायला लागली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. आमच्या नेवासा फाट्यावरून छत्रपती संभाजीनगरकडे रात्री जाऊन बघा, ऊसतोडीच्या दिवसांत. पुढे उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. दिसते तेव्हा पन्नास फूट उरलेले असतात. तिथे नुसते थांबून भागत नाही, थांबता थांबता बाजूला काढता आली पाहिजे. एबीएस असतो तो यासाठी. प्रत्येक चाकाचा वेग सेन्सर मोजतो, एखादे चाक जॅम व्हायला लागले की ईसीयू त्या चाकाचे प्रेशर क्षणभर सोडतो आणि पुन्हा देतो, एका सेकंदात अनेक वेळा. १९३६ मध्ये हे कागदावर जमले, पण एवढ्या वेगाने विचार करणारे इलेक्ट्रॉनिक्स नव्हते. ते यायला बेचाळीस वर्षे लागली. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचा इलेक्ट्रॉनिक एबीएस आला. भारतात तो कारसाठी आणि १२५ सीसीच्या वरच्या बाइकसाठी २०१९ पासून सक्तीचा झाला. म्हणजे आता अंगणात येणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीच्या ब्रेकमध्ये एक कॉम्प्युटर आहे.

बॉश हयात नसताना त्याच्या कंपनीने आणखी एक पाऊल टाकले आणि मला वाटते घरी काम करणाऱ्याने ते नीट समजून घ्यायला हवे. २००१ मध्ये मर्सिडीजच्या एसएल गाडीत आणि नंतर ई-क्लासमध्ये एक ब्रेक आला. त्यात नेहमीच्या वेळी पाय आणि चाक यांच्यामध्ये तेलाचा सरळ संबंधच नव्हता. पेडलखाली सेन्सर. इलेक्ट्रिक पंप एका साठवण टाकीत ब्रेकचे तेल साधारण १५० बार दाबाने भरून ठेवणार. ईसीयू ठरवणार कुठल्या चाकाला किती द्यायचे. कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. मी हिशेब करून बघितला. ५४ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर १५० बार म्हणजे सुमारे ३४,००० न्यूटन, साडेतीन टन वजन ठेवल्यासारखे.

आणि खरी मेख पुढेच आहे. ही यंत्रणा किल्ली फिरवण्याची वाट बघत नाही. गाडी अनलॉक केली किंवा दार उघडले की ती जागी होते, पंप चालू करते आणि स्वतःची तपासणी करताना ब्रेक दाबून बघते. तुम्ही चाक काढून बसला आहात, पॅड बाहेर काढलेत, बोट कॅलिपरमध्ये आहे, आणि घरातले कुणी पाण्याची बाटली काढायला दार उघडते. बोट जाते. बोट वाचले तर पिस्टन बाहेर उडतो. म्हणून या गाड्यांना हात लावण्याआधी डायग्नोस्टिक मशीन जोडून ब्रेक झोपवावा लागतो, मगच पाना. मशीन नसेल तर ते काम घरी करायचे नाही, विषय संपला. २००४ मध्ये या ब्रेकसाठी सुमारे ६,८०,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि पुढे मर्सिडीजने ई-क्लासमधून तो काढूनही टाकला. पण कल्पना गेली नाही. आज हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत ब्रेकचे प्रेशर इलेक्ट्रॉनिक्सच तयार करते, कारण मोटरकडून ऊर्जा परत घ्यायची असते. जुन्या ई-क्लास सेकंड हँड होऊन तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत, आणि हायब्रिड तर नव्याकोऱ्या येत आहेत.

आमच्या घरी पप्पा ब्रेक पॅड स्वतः बदलतात. आधीच्या गाडीचे पंधरा वर्षे बदलले. नव्या गाडीला हँडब्रेकच्या लिव्हरऐवजी बटण आहे. दिवाळीच्या सुट्टीत मागचे पॅड संपले म्हणून गाडी अंगणात घेतली. मामा आलेले होते, ते बाह्या सरसावून तयार. त्यांचे म्हणणे, दाजी, सी-क्लॅम्प लावा आणि दाबा, इतकी वर्षे तेच तर करतोय. पप्पांनी हो-नाही काही म्हटले नाही, ते मॅन्युअल घेऊन ओट्यावर बसले. मामा चिडले. पाऊण तास कुणी काही बोलले नाही, आईने दोनदा चहा दिला. शेवटी सापडले. बटणाच्या हँडब्रेकमध्ये कॅलिपरच्या मागे छोटी मोटर असते, ती स्क्रू फिरवून पिस्टन पुढे ढकलते. सी-क्लॅम्पने पिस्टन मागे दाबला तर आतला स्क्रू किंवा गिअर तुटतो. आधी गाडीला सर्व्हिस मोडमध्ये टाकायचे, मोटर स्वतःच स्क्रू मागे घेते, मग पिस्टन दाबायचा. काही गाड्यांत हे पेडल आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने होते, काहींत स्कॅनर लागतो. आमच्या गाडीला स्कॅनर लागत होता. पप्पांनी चाक परत बसवले आणि गाडी फाट्यावर स्कॅनर असलेल्या गॅरेजला नेली. मामांना ती हार वाटली. मला नाही वाटली.

म्हणजे घरी काहीच करू नये असे मी म्हणत नाही. ज्याचे चरित्र लिहिते आहे तो तर दुसऱ्यांची यंत्रे खोलूनच मोठा झाला. साधा व्हॅक्यूम सर्व्होचा ब्रेक आणि एबीएस असलेल्या गाडीचे पुढचे पॅड घरी बदलता येतात. इंजिन बंद असताना एबीएसचा पंप स्वतःहून जागा होत नाही. पण आपला ब्रेक यातला कुठला हे मॅन्युअलमध्ये बघून नक्की केल्याशिवाय चाकाचा नटसुद्धा सैल करू नये. गाडी की-लेस असेल तर किल्ली खिशात ठेवून काम करू नका, ती घरात, गाडीपासून लांब ठेवा. खिशातली किल्ली जवळ आली तरी काही गाड्या जाग्या होतात. पोरांना गाडीत बसू देऊ नका. इग्निशन चालू असताना कुठलाही कनेक्टर काढू नका.

जमीन सपाट हवी, उरलेल्या चाकांना उटी हव्यात, आणि जॅकने उचललेली गाडी स्टँडवर ठेवायची. विटांवर नाही! भाजलेली वीट वजन तोलते आणि एका क्षणी काही न सांगता फुटते. पॅडची काळी धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही, ती छातीत जाते, ओल्या फडक्याने पुसायची. कॅलिपर काढला की तो ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. त्याच्याच बाजूने एबीएस सेन्सरची बारीक वायर जाते, ती ताणली की दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर दिवा. पिस्टन मागे दाबताना कॅलिपरमधले जुने मळके तेल उलटे एबीएसच्या ठोकळ्यात जाते, म्हणून आधी ब्लीड निपलवर पाइप लावून निपल थोडे सैल करायचे, घाण बाहेर घ्यायची, पिस्टन आत जाताच निपल बंद करायचे. बंद करायला उशीर झाला तर हवा आत जाते. आणि हवा एकदा त्या ठोकळ्यात शिरली की नुसते पेडल मारून ती निघेलच असे नाही, स्कॅनरने आतले व्हॉल्व्ह उघड-बंद करावे लागतात.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलेच, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातले. उघडा राहिलेला डबा हवेतले पाणी शोषतो आणि घाटात ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते, पेडल सरळ खाली जाते. इंजिन ऑइल तर चमचाभरसुद्धा नको, सगळे रबरी सील फुगतात. हे मी लिहिते आहे कारण ब्रेक ऑइल संपले म्हणून हाताशी होते ते तेल ओतणारी माणसे मी पाहिली आहेत.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारायचे. नवे पॅड आणि डिस्क यांच्यात फट असते, पहिल्या दाबाला पेडल जमिनीला टेकते. हे विसरून गाडी मागे घेतली तर भिंत किंवा माणूस. मग अंगणातच चालण्याच्या वेगाने तीन-चार वेळा ब्रेक मारून बघायचा. इग्निशन लावल्यावर एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझत नसेल तर गाडी रस्त्यावर काढायची नाही. दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून त्याच्यावर टेप चिकटवणारे ड्रायव्हर आहेत आपल्याकडे, त्यांच्याबद्दल काय लिहू.

आता परत माणसाकडे येते, कारण त्याच्या आयुष्याचा शेवटचा भाग सोपा नाही आणि तो गाळून लिहिलेली चरित्रे मला आवडत नाहीत. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बॉशला युद्ध नको होते, फ्रान्सशी सलोखा व्हावा म्हणून त्याने वेळ आणि पैसा दिला होता. हिटलरच्या विरोधात गेलेल्या कार्ल ग्योर्डेलर यांना त्याच्या कंपनीने सल्लागार म्हणून ठेवले आणि आधार दिला. ग्योर्डेलर यांना पुढे १९४५ मध्ये फाशी झाली. ज्यू लोकांना देशाबाहेर पडता यावे म्हणूनही बॉश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पैसे दिले. पण त्याच वेळी त्याचे कारखाने हिटलरच्या सैन्यासाठी माल बनवत होते, आणि युद्धाच्या काळात तिथे परदेशांतून जबरदस्तीने आणलेले हजारो लोक राबत होते. आठ तासांच्या दिवसासाठी ज्याचे नाव झाले त्याच्याच कारखान्यात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जाते असे मला वाटत नाही.

१२ मार्च १९४२ रोजी स्टुटगार्टमध्ये तो वारला. ज्या सरकारला तो मनातून मानत नव्हता त्याच सरकारने त्याची सरकारी इतमामात अंत्ययात्रा काढली.

मरण्याआधी काही वर्षे त्याने इच्छापत्राच्या सूचना लिहून ठेवल्या होत्या. कंपनी कुणाला विकली जाऊ नये आणि नफा समाजाच्या कामी यावा हा त्यांचा रोख. वारसांनी आणि विश्वस्तांनी त्यातून मार्ग काढला. १९६४ पासून कंपनीचा फार मोठा हिस्सा एका धर्मादाय संस्थेकडे आहे, आज तो ९० टक्क्यांहून जास्त आहे. त्या संस्थेला नफ्यातला वाटा मिळतो, मतदानाचा हक्क मात्र नाही, तो वेगळ्या विश्वस्तांकडे आहे. १९४० मध्ये त्याने स्टुटगार्टमध्ये सुरू केलेले हॉस्पिटल अजून चालू आहे.

भारतात त्याचा माल त्याच्या हयातीतच, १९२२ पासून, कोलकात्याच्या एजन्सीमार्फत यायला लागला होता. १९५१ मध्ये बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली, तिचे छोटे नाव मायको. तिचाच एक कारखाना नाशिकला आला आणि आपल्या जिल्ह्याच्या शेजारच्या कितीतरी घरांतले आयटीआय झालेले मुलगे तिथे डिझेल इंजिनाचे भाग बनवायला लागले. २००८ मध्ये कंपनीने मायको हे नाव सोडून बॉश घेतले. नाशिकमध्ये तो चौक मात्र अजून मायको सर्कलच आहे, रिक्षावाल्याला बॉश सर्कल म्हणून सांगितले तर तो कुठे नेईल सांगता येत नाही.